फोन बंद पडला आणि वरण अडलं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४१, राहणार इंदूर, सुदामा नगरच्या बाजूला. बायकोची नोकरी भोपाळला, ती फक्त शनिवार-रविवार घरी असते. गेलं दीड वर्ष आई (वय ७६) आणि १० वर्षांची मुलगी यांच्यासाठी दोन्ही वेळचा स्वयंपाक हेच करतात. सगळं फोनवर व्हिडिओ बघून, अर्धा चमचा म्हणजे अर्धाच चमचा. जेवण बरं होतं असं घरचे म्हणतात. गेल्या महिन्यात ऐन संध्याकाळी फोन बंद पडला आणि साधं फोडणीचं वरण करायला हात धजेना, हिंग आधी का हळद आधी इथेच अडले. आई खुर्चीतून म्हणाल्या, "अंदाजाने टाक रे, त्यात काय बघायचं," आणि थोड्या वेळाने, "राहू दे, तुझा हातच नाही स्वयंपाकाचा." ते मनाला लागलं. मग यांनी ठरवलं की रेसिपी बंद, आता मनाने करायचं. एका बुधवारी दलिया, पालक, पनीर, स्वीट कॉर्न, टोमॅटो असं एकत्र करून दोन चमचे जीरावन (इंदूरकडची चटपटीत मसाला पूड) आणि नेहमीचं मीठ घालून शिजवलं. मुलीने दोन घास खाऊन ताट सरकवलं आणि शेवटी सगळ्यांनी दूध-पोळी खाल्ली. प्रश्न असा की हाताची चव जन्मतःच असते का शिकता येते? आणि रेसिपीशिवाय, स्वतःच्या डोक्याने वेगळं, "क्रिएटिव्ह" काही करायला शिकायचं तर सुरुवात कुठून करायची?

नमस्कार भाऊ,

दीड वर्ष, दोन्ही वेळ, तीन माणसांचं जेवण, हे तुम्ही पत्रात अगदी जाता जाता लिहून टाकलंय आणि मला आधी त्याबद्दलच बोलायचंय. हिशोब करा, हजारावर वेळा तुम्ही गॅस पेटवलाय. म्हणजे स्वयंपाक येतच नाही असं काही नाहीये, एवढंच आहे की त्या हजार वेळांत तुमचं लक्ष कढईत कमी आणि फोनमधे जास्त होतं. व्हिडिओतली बाई म्हणते कांदा दोन मिनिटं परता, तुम्ही घड्याळ बघता. पण तुमचा कांदा तिच्या कांद्यापेक्षा ओला असतो, कढई जाड असते, गॅसची आच वेगळी असते, तिचा कांदा गुलाबी झालेला असतो आणि तुमचा अजून पांढराच, तरी तुम्ही पुढची स्टेप करता कारण दोन मिनिटं झाली ना. फोन बंद पडला त्या दिवशी वरणाची कृती तुम्ही विसरला नव्हता, "आता घाला" असं सांगणारं कोणी नव्हतं म्हणून अडलात.

आता "हात नाही" हे वाक्य. आई दुखवायला बोलल्या नसतील, पण तुम्हाला लागलं ते बरोबरच लागलं, मला त्यात तुमचं काही चुकलं असं वाटत नाही. आमच्या पिढीला शिकवताना शब्द सापडत नाहीत, मग आपण "हात" म्हणून मोकळे होतो. मी स्वतः हे माझ्या सुनेला म्हटलंय एकदा, आणि तिचा चेहरा बघून नंतर फार वाईट वाटलं. आईंनी पन्नास वर्षं रोज एकदाच वरण केलं असं धरलं तरी अठरा हजार वेळा होतं, आणि तेही घरातल्याच वाटीने, मिसळणाच्या डब्यातल्या त्याच छोट्या चमच्याने. त्याला अंदाज म्हणतात म्हणून ते हवेत केल्यासारखं वाटतं, पण हवेत काही नसतं. माझ्या सासूबाई होत्या तेव्हा मी एकदा करून बघितलं होतं, घरात लाडवांसाठी आणलेला छोटा डिजिटल काटा होता, त्यांना म्हटलं अर्धा किलो बटाट्याच्या भाजीला घालता तेवढं मीठ हातावर घ्या, तीन वेळा घ्या. त्यांनी तळहाताचा खोलगा करून घेतलं. पाच ग्रॅम, पाच ग्रॅम, सहा ग्रॅम! त्या स्वतःच बघत राहिल्या काट्याकडे.

तुम्हीही आईंबरोबर हे नक्की करून बघा. आणि त्यात एक कामाचा आकडा पण मिळतो, अर्धा किलोला पाच ग्रॅम म्हणजे शंभराला एक. छोट्या चमच्याने सपाट एक चमचा मीठ साधारण सहा ग्रॅम भरतं. बहुतेक रोजच्या भाज्यांना मीठ याच्याच आसपास लागतं, थोडं इकडे तिकडे. सुरुवात त्याच्या पाऊण भागाने करायची आणि बाकीचं चव बघून, कारण वाढवता येतं, काढता येत नाही.

इथे एक नाजूक गोष्ट सांगू का? वय वाढलं की जीभ आणि नाक दोन्हींची धार कमी होत जाते, काही औषधांनीही चव बदलते. त्यामुळे आई हल्ली "मीठ कमी" म्हणत असतील आणि मुलगी "खारट" म्हणत असेल तर दोघीही खरं बोलतायत, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मीठ मुलीच्या जिभेने घाला आणि आईंच्या ताटात लिंबाची फोड जरा मोठी ठेवा, आंबटाने मीठ कमी असलेलं जाणवत नाही तितकं, आणि त्यांना बीपी असेल तर तेच बरं.

आता त्या बुधवारच्या दलियाकडे येऊ, कारण मला तो वाया गेला असं वाटत नाही. जीरावन ही मुळात वरून भुरभुरायची गोष्ट आहे, पोह्यांवर, गराडूच्या तळलेल्या कंदावर, काकडीवर. त्यात काळं मीठ असतं, आमचूर असतं. तुम्ही दोन चमचे आत घालून शिजवलं आणि वर नेहमीचं मीठही घातलं, म्हणजे मीठ दोनदा पडलं. आमचूर आणि टोमॅटो मिळून आंबटही दोनदा. त्यात स्वीट कॉर्न गोड, पालकाने पाणी सोडलं, दलियाने ते पिऊन टाकलं, पनीरला स्वतःची चव जवळजवळ नाहीच. मुलीने ताट सरकवलं ते वेगळं केलं म्हणून नाही, खारट-आंबट लगदा झाला होता म्हणून. आणि यातली सगळ्यात मोठी अडचण ही की एका कढईत इतक्या नवीन गोष्टी एकदम घातल्यावर कशाने बिघडलं हे तुम्हालाही कळायला मार्ग नव्हता. एकच गोष्ट बदलली असती, समजा रोजच्या दलियात फक्त कॉर्न, तर बिघडूनही काहीतरी हातात आलं असतं.

मला वाटतं "क्रिएटिव्ह" या शब्दानेच तुमची थोडी फसगत केली. आपण समजतो की पूर्वी कोणीच केलं नाही असं काहीतरी करायचं. पण आपल्या इंदूरच्या मराठी घरांकडे बघा ना. ठेल्यावरचे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले, फोडणीत बडीशेप, कांदा कच्चा वरून, त्यावर सेव आणि जीरावन. आपले घरचे कांदेपोहे म्हणजे कांदा फोडणीत परतलेला, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. आणि मग कितीतरी घरांमधे तिसरेच पोहे होतात, कांदा परतलेला पण बडीशेपही आहे, खोबऱ्याच्या जागी सेव आहे. हे कोणी एका दिवशी बसून ठरवलं नसणार, खोबरं संपलं असेल आणि सेवेचा डबा समोर असेल. अठराव्या शतकात होळकरांबरोबर जी घरं माळव्यात आली त्यांना इथे परसात नारळ कुठून मिळणार? आमच्या माहेरी ओलं खोबरं सणासुदीला, एरवी रश्शाच्या वाटणात खसखस, कारण मंदसौर-नीमचकडे अफूची शेती आणि खसखस तिथलीच. माझी आजी खसखस भिजवून पाट्यावर वाटायची आणि म्हणायची दाटपणा आला ना, मग झालं. खोबरं काय काम करत होतं हे तिला माहीत होतं, ते काम दुसऱ्याकडून करून घेतलं. मला विचाराल तर तुम्हाला शिकायचंय ते हेच, कोण काय काम करतं.

म्हणून सुरुवात वरणापासूनच करा, जिथे अडलात तिथूनच. फोडणीसाठी तेल तापत ठेवलं की त्यात एकच मोहरी टाका. तळाशी गप्प बसली तर थांबा. टाकल्या टाकल्या वर येऊन नाचायला लागली की बाकीची टाका. तडतड जोरात होते, मग विरळ होत जाते, ती विरळ व्हायला लागली की जिरं, ते काही सेकंदांत रंग बदलतं, मग गॅस अगदी बारीक करून हिंग, मग हळद, आणि हळद पडली की रेंगाळायचं नाही, लगेच डाळ ओतायची. दाणा आधी, पूड नंतर, आणि हळद सगळ्यात शेवटी, एवढं लक्षात ठेवलंत तर हिंग का हळद हा प्रश्न परत पडणार नाही, कारण हळद तापल्या तेलात क्षणात काळी आणि कडू पडते. मग ती वरणातच का नाही घालत सरळ? घालतात की, डाळ शिजतानाही घालतात, पण हळदीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा तेलात उतरतो तसा पाण्यात उतरत नाही, म्हणून तेलातून गेलेलं वरण वेगळं लागतं. दोन दिवस एकदा असं एकदा तसं करून बघा, जीभच सांगेल.

अशी कारणं दहा-बारा कळली की अर्ध्याहून जास्त रेसिप्या आपोआप सुटतात. डाळ मऊ व्हायच्या आधी चिंच किंवा टोमॅटो घातला तर दाणा टणक राहतो, बटाट्याचंही तसंच, म्हणून आंबट नंतर. भेंडीला मीठ लवकर घातलं की पाणी सुटतं आणि तार वाढते, म्हणून मीठ शेवटी, आणि तार मोडायला लिंबू किंवा आमचूर. कढईत ओल आहे तोवर काहीही खरपूस होत नाही, कारण पाणी १०० अंशाच्या वर तापतच नाही, ते उडालं की मग रंग धरतो, म्हणून बटाट्याचे काप कढई गच्च भरून केले की वाफेवर शिजतात, खमंग होत नाहीत. तुमच्या व्हिडिओंमधे या गोष्टी होत्याच, फक्त कारण कोणी सांगत नव्हतं.

मग एक भाजी धरा. मी तर लौकी सांगेन, दुधी हो, मंडीत लौकीच मागावी लागते. स्वस्त आहे, बारा महिने मिळते आणि तिची स्वतःची चव इतकी सौम्य की तुम्ही काय बदललं ते लगेच कळतं. रोज केली तर मुलगी कंटाळेल, आठवड्यातून दोनदा पुरे, असं दोन महिने. पहिल्यांदा फक्त फोडणी, मीठ आणि झाकण. पुढच्या वेळी सगळं तेच, झाकण काढून. मग तेच पण दाण्याचं कूट घालून, मग भिजवलेली चणाडाळ, मग कधीतरी शेवटी दोन चमचे दूध. प्रत्येक वेळी एकच बदल. वहीत दोन ओळी लिहा, कृती नको, काय झालं ते लिहा, "झाकण ठेवलं, पाणी फार सुटलं, चव पांचट", "कूट लवकर घातलं, तळाला धरलं". महिन्याभराने ती वही तुमच्या फोनपेक्षा जास्त उपयोगी पडेल कारण ती तुमच्या कढईची आणि तुमच्या गॅसची आहे.

आणि चव बघा! मला पत्रात कुठेच दिसलं नाही की शिजताना तुम्ही चाखून बघता. कितीतरी लोक बघत नाहीत, नैवेद्याच्या दिवशी सोडा, पण एरवी काय हरकत आहे? वेगळा चमचा ठेवा, थोडं वाटीत काढून जरा निवू द्या कारण उकळतं असताना जिभेला काही समजत नाही, आणि निदान तीनदा बघा, मसाला परतल्यावर, पाणी घातल्यावर, शेवटी. शेवटी "काहीतरी कमी आहे" असं वाटलं की लगेच मसाल्याच्या डब्याकडे जाऊ नका, बहुतेक वेळा मीठ किंवा आंबट कमी असतं. अशा वेळी सगळ्या कढईवर प्रयोग करायचा नाही. दोन चमचे भाजी वाटीत काढा, त्यात लिंबाचे दोन थेंब, दुसऱ्या वाटीत गुळाचा खडा, तिसरीत चिमूटभर मीठ, आणि खाऊन बघा, ज्या वाटीने चव जागी होईल ते मग कढईत. हे काम मुलीला द्या. ज्या भाजीची वाटी तिने निवडली ती भाजी ती खाईलच असं मी लिहून देत नाही, पण ताट सरकवायच्या आधी विचार करेल.

मुलीवरून आठवलं, प्रयोग कधीही जेवणाचा एकुलता एक पदार्थ म्हणून करू नका. बाजूला वरण-भात असू द्या, प्रयोग वाटीभर. दिवसभर ऑफिस करून आल्यावर उपाशी पोरगी समोर असताना कोणालाही सुचत नाही काही, भीतीच वाटते, आणि भीती वाटली की माणूस परत फोन उघडतो.

रेसिपी पूर्ण सोडून द्या असंही मी म्हणणार नाही, तुमचा हा भाग मला पटला नाही. काही ठिकाणी मापच लागतं. लोणच्यात मीठ कमी पडलं तर ते टिकत नाही, बुरशी येते. पाक एकतारी का दोनतारी यावर लाडू वळतात का दगड होतात ते ठरतं. चकलीचं मोहन, अनारसे, केक, इथे मनाचं चालत नाही, निदान पहिली पंचवीस-तीस वेळा नाही. राजमा रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यायचं आणि नीट उकळू द्यायचा, अर्धा कच्चा राहिला तर पोट बिघडतं, त्यात एक विषारी घटक असतो आणि तो निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्यावरच जातो. कुकर डाळीसाठी अर्ध्याच्या वर भरायचा नाही. असल्या गोष्टी कोणाकडून तरी शिकूनच घ्याव्यात, आणि त्यात कमीपणा कसला? नवीन काही करायचं असेल तेव्हा तीन वेगवेगळ्या रेसिपी वाचा, तिन्हींमधे जे सारखं आहे ते त्या पदार्थाचं हाड आहे, बाकीचं ज्याच्या त्याच्या घरचं. मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या आणि करा.

आईंबद्दल एवढंच सांगायचंय की त्यांना "किती घालू" हे विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडे "अंदाजाने" हेच आहे, ते उत्तर ऐकून तुम्ही चिडता आणि त्या म्हणतात हात नाही. त्याऐवजी विचारा, "आई, झालं हे कशावरून कळतं?" याचं उत्तर त्यांना येतं. वासावरून, आवाजावरून, उलथन्याला कसं चिकटतं त्यावरून. मी माझ्या आईला हे फार उशिरा विचारलं, तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती, आणि तरीही तिने पडल्या पडल्या भुट्ट्याच्या किसाचं, म्हणजे मक्याचं कणीस किसून तुपात परततात त्याचं, असं वर्णन केलं की मला आजही तो तसाच जमतो.

तोच सांगते, सध्या भुट्ट्याचे दिवस आहेत आणि यात सगळं शिकून होतं. कुठल्याही रेसिपीत चार भुट्टे, एक कप दूध असं काहीतरी लिहिलेलं असतं. पण देशी भुट्टा किसला की दाट, पिठूळ रस निघतो आणि तो दूध भरपूर पितो, स्वीट कॉर्न किसलं तर पाणीदार आणि गोड, त्याला तेवढंच दूध घातलं की खीर होते. रेसिपीला तुमचा भुट्टा दिसत नसतो. तुपात मोहरी-जिरं, हिंग, हिरवी मिरची, त्यावर कीस. आधी कच्च्या पिठासारखा वास येतो. आच मंद ठेवून हलवत राहायचं, तळाला लागतो. दहा-बारा मिनिटांनी वास पालटतो, भाजलेल्या भुट्ट्यासारखा गोडसर येतो, कीस कडा सोडून उलथन्याबरोबर गोळा व्हायला लागतो, बाजूला तूप चमकतं. तेव्हा दूध, पळी पळीने. पहिली पळी सर्रकन आत जाते, दुसरी जाते, मग एक पळी अशी येते की दूध वरच रेंगाळतं, तिथे थांबायचं. मीठ, चिमूटभर साखर, झाकण ठेवून एक वाफ, वरून लिंबू-कोथिंबीर. स्वीट कॉर्नच असेल घरात तर दूध अगदी थोडं, मिरची आणि लिंबू जास्त, आणि साखर मुळीच नको. जीरावन हवंच असेल तर वाढल्यावर, ताटात.

पहिल्यांदा कराल तेव्हा आईंची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवा, गॅसला पाठ असली तरी चालेल. वास पालटला की त्यांनी सांगायचं, तुम्ही कढईकडे बघायचं. त्यांचं नाक आता पूर्वीसारखं नसेल तर एखाद्या वेळी तुम्हाला आधी कळेल, तेव्हा तुम्ही त्यांना सांगा.

देशी भुट्टे अजून थोडेच दिवस आहेत, तर या शनिवारी बायको आली की तिला मुलीजवळ बसवा आणि तुम्ही मंडीत जाऊन या. घेताना वरची पानं थोडी सोलून एका दाण्यात नख रुतवून बघा, पांढरं दूध निघालं पाहिजे. पाणी निघालं तर कोवळा आहे, काहीच निघालं नाही तर जून झालाय, तो भाजून खायला घ्या.